हौदावरचं घर

१४ नोव्हेंबर १९३८

आज सामान हलवलं. दोन बैलगाड्या. तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसले, बाकी सगळं मागच्या गाडीत. वेस सुटली, ढोरांचा बाजार सुटला, मग जिनिंग, मग काहीच नाही — फक्त मोठी नाली आणि तिच्या काठाकाठानं आमची गाडी. वेशीतल्या बाया दारात उभ्या राहून पाहत होत्या. पंधरा वर्षांचा शेजार! ‘येत जा’ एवढंही कुणी म्हटलं नाही.

घर नवं आहे. दोन खोल्या, पडवी, वर कौलं. खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. लेकीनं, शैलानं, पदर नाकाला लावला तो जेवायच्या वेळी काढला, दोन घास खाल्ले, पुन्हा लावला. ह्यांना मात्र काही वास येत नाही! बूटसुद्धा न काढता तसेच घाणपाण्याच्या नव्या हौदाकडे गेले.

मला कुणी विचारलं नव्हतं. गडी पाण्याचं फाटक उघडं टाकून घरी जातात, तेव्हा हौदावर जबाबदार माणूस राहिला पाहिजे, असं म्युनिसिपल कमिटीत ठरलं. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले म्हणे. आणि हे उठून म्हणाले, ‘मी राहतो.’ ‘मी’ म्हणाले. जसे काही एकटेच आहेत! कमिटीचे ओव्हरसियर आहेत, ब्रह्मचारी नव्हेत.

१७ नोव्हेंबर

वास. दुसरं काय लिहू!

२३ नोव्हेंबर

आज ह्यांनी आम्हा मायलेकींना सगळं फिरवून दाखवलं. नको म्हटलं तरी ऐकेनात.

आधी लोखंडी गजांची जाळी. गावाची सगळी नाली तिथं येऊन आदळते. चिंध्या, पत्रावळी, मेलेल्या घुशी — सगळं तिथं अडकतं, कडूबा दाताळ्यानं ओढून काढतो. कडूबा म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या फाटकावरचा गडी. बोलत नाही फारसा. पुढं मोठा हौद. तिथं पाणी चालतं आहे की थांबलं आहे तेच कळत नाही. हे म्हणाले, ‘पाण्याला घाई केली की ते घाण घेऊन पळतं. निवांत ठेवलं की खाली सोडतं.’ आणि त्याच्या पलीकडे पुरुषभर खोल गोल टाकं, काठोकाठ काळी गिट्टी भरलेली. वरून भोकं पाडलेल्या पत्र्यांच्या पन्हळीतून पाणी ठिबकत राहतं.

शैला म्हणाली, ‘बाबा, दगडानं कसं साफ होईल?’

‘दगडानं नाही. दगडावर बुळबुळीत थर धरतो, तो जिवंत असतो. तोच घाण खातो. अजून धरायचा आहे. थंडीत वेळ लागतो त्याला.’

मी म्हटलं, ‘म्हणजे घाण खाणारी घाण.’

हसले! किती दिवसांनी.

तिथून निघालेलं पाणी गवताच्या वावरात सोडायचं, आणि झिरपून उरेल ते मोहना नदीला. आजवर नाली सरळ जुन्या मोरीतून नदीत पडत होती. आता मोरीला फळ्या ठोकून बंद केली आहे. उन्हाळ्यात मोहना म्हणजे नुसती वाळू आणि मधेमधे डोह. खालच्या पिंप्रीचे लोक वाळूत झिरे खणून त्यातलंच पाणी पितात. दोन सालांमागं तिथं पटकी झाली तेव्हा हे दवाखान्यातल्या डॉक्टरांबरोबर झिऱ्यांत लाल दवा टाकायला गेले होते. परत आले ते घरात आलेच नाहीत, पायरीवर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, ‘ती आपल्या गावाची नाली आहे. आपलीच.’ त्या दिवसापासून नागपूरला अर्ज, पुन्हा अर्ज. माणूस थकतो, हे थकले नाहीत. थकले मी.

८ डिसेंबर

घरात पहिलं माणूस आलं! पिंप्रीची सोजराबाई. डोक्यावर वांग्यांची टोपली, बाजाराला चालली होती. ओट्यावर टेकली, पाणी मागितलं. मी तांब्या दिला, ती घटाघटा प्याली. मला भरूनच आलं. पाण्याच्या तांब्यानं भरून यायचे दिवस आले!

मी विचारलं, ‘तुम्हाला वास नाही येत का हो?’

‘येते ना बाप्पा! नाक हाय ना मले. पन इथं राह्यला तं राहू द्या. आमच्याकडं आला होता तवा वास बी नोता. पानी कसं निरमय दिसे. माही सून गेली त्याच्यानं.’

वांगी ठेवून गेली. पैसे घेईना.

१५ जानेवारी १९३९

काल संक्रांत. मनाची तयारी करून गावात बोलावणी केली. तिळाचे लाडू, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे — सगळं मांडलं. हिरवं लुगडं नेसले. शैलानं दारात रांगोळी घातली.

दिवस कलला तरी कुणी नाही. मग विमलबाई आल्या, जुन्या शेजारीण. कुंपणाशीच थांबल्या.

‘वैनी, इथंच लावा कुंकू. आत आली तं मंग घरी जाऊन अंगावरून पानी घ्या लागते. सासूबाई आयकत नाईत हो, माह्यं काई नाई.’

कुंपणावरून हात लांब करून कुंकू लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला लिहू. पण वाण घेतलं ते पदराच्या टोकात, हात न लावता.

लाडू कडूबाच्या घरी पाठवले.

२ फेब्रुवारी

शैलाला पाहायला जळगाव जामोदचे लोक आले होते. मुलगा चिंतामण तिथल्या शाळेत मास्तर. वडील पंजाबराव, खाऊनपिऊन सुखी घर. मी पहाटेपासून उदबत्त्या लावल्या, धूप घातला, दारात शेणसडा. पण वारा! आजच नेमका हौदावरून घराकडे.

मुलगी पसंत पडली असं वाटलं. पण चहा कपातच राहिला. पंजाबराव म्हणाले, ‘जागा तशी ऐसपैस हाय. वारा रोज इकडूनच येते का?’ हे म्हणाले, ‘नाही, पावसाळ्यात उलटा असतो.’ आणि मग काय सुचलं त्यांना — ‘या, हौद दाखवतो तुम्हाला!’ सोयरिकीला आलेल्या माणसांना! मी आतून खुणा करते आहे, पण छे. मुलगा मात्र आवडीनं गेला. खूप वेळ काहीबाही विचारत होता.

त्याची आई माझ्याजवळ बसलेली. हळू बोलण्याची त्यांना सवय नाही. ‘पोट्टी चांगली हाय. नाकीडोळी नीटस. पन लोक इचारतीन ना बाई, कोनाची लेक आनली? तं काय सांगाव — घानीच्या हौदाची?’

शैला चुलीपाशी होती. सगळं ऐकलं.

५ फेब्रुवारी

निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणे.

पत्रिका तर मागितलीच नव्हती त्यांनी!

६ फेब्रुवारी

काल मी बोलू नये ते बोलले. ‘तुम्हाला नदी दिसते, पिंप्री दिसते. पोटची पोर दिसत नाही. तिला याच हौदावर म्हातारी करायची आहे का?’ हे खाली मान घालून ऐकत होते. उलट बोलले असते तर बरं झालं असतं. भांडण तरी झालं असतं. ताट तसंच सोडून उठले आणि गिट्टीच्या टाक्याजवळ जाऊन उभे राहिले.

मी ताट झाकून ठेवलं. पाठ दुखते. मन दुखतं म्हणायची लाज वाटते, म्हणून पाठ.

२१ फेब्रुवारी

धरला! थर धरला!

हे पळतच आले, हातात काचेचा ग्लास. ‘अगं, बघ!’ उन्हात धरून दाखवला. स्वच्छ. तळाशी चिमूटभर माती, बाकी आरपार. मी घाबरून म्हटलं, ‘पिऊ बिऊ नका हो!’

‘प्यायचं नाही ते. पण नदीत सोडायला लाज वाटणार नाही आता. उरलेलं वावर करील, वाळू करील.’

शैला पाहत राहिली ग्लासाकडे. मग म्हणाली, ‘बाबा, वासही कमी झाला का?’ तिघंही बाहेर जाऊन उभे राहिलो. हो, कमी होता. ओल्या मातीसारखा काहीतरी.

दुपारी पुरणपोळी केली. कारण काही नाही.

१३ मार्च

लिहू की नको.

पुढल्या आठवड्यात नागपूरहून मोठे साहेब हौद पाहायला येणार. हे परवा नांदुऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले — फाटकाचा एक भाग तुटला होता, तो आणायला. आज सकाळी दहा-पंधरा माणसं आली. खराटे, चुन्याची पोती, फिनेलचे डबे. सगळी चढली गिट्टीवर! घासायला लागली. पन्हळी धुतल्या, दगडांवर चुना ओतला, वर फिनेल.

मी पदर खोचून धावले. ‘अहो, थांबा! ते काढायचं नसतं!’ ते खराटे टेकून उभे राहिले खरे. तेवढ्यात अध्यक्षांचा टांगा आला. भगवानराव — जिनिंगचे मालक, कमिटीचे अध्यक्ष, आवाज असा की बैल बुजावा.

‘काय झालं हो बाई?’

‘भाऊसाहेब, तो थर जिवंत आहे. तोच पाणी साफ करतो. मेला तर सगळं मुसळ केरात.’

‘शेवाळ जिवंत!’ ते हसले. माणसंही हसली. ‘साह्यब काय शेवाळ पाहाले येऊन राह्यले का? समदं कसं चकाचक पाह्यजे. तुमी सैपाक पाहा. चला रे, घासा!’

कडूबा एका बाजूला उभा होता, दाताळं हातात धरून. त्याला घासायला सांगितलं तर म्हणाला, ‘मले जमत नाई.’ गड्याची नोकरी जायची अशानं. मी बाई, माझं काय ऐकणार! पन्हळीखाली उभी राहून ओरडत राहिले.

दगड पांढरे झाले आहेत. दातांसारखे.

१५ मार्च

हे आले. पाहिलं. गिट्टीत हात घालून एक दगड वर काढला, हुंगला, पुन्हा ठेवला. मूल गेलेल्या बाईसारखे दिसत होते.

२० मार्च

साहेब आले आणि गेले. पाणी काळंभोर, नाक फाडणारं. रुमाल तोंडाला लावून काठावर उभे राहिले, एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकायला थांबले नाहीत. भगवानराव सगळ्यांसमोर ह्यांच्यावर उसळले — ‘इतके दिवस काय करत होते तुमी?’ ह्यांनी चुन्याबद्दल सांगितलं. कुणी ऐकलं नाही. की ऐकून घेतलं नाही?

२९ मार्च

कमिटीत ठराव. हौद बंद. जुन्या मोरीच्या फळ्या काढून नाली पहिल्यासारखी नदीत सोडायची, पावसाळ्यानंतर पाहू.

पावसाळ्यानंतर! उन्हाळ्यातच तर नदीत पाणी नसतं. जेवढी नाली, तेवढीच नदी. पिंप्रीवाले नालीच पितील.

हे कमिटीत एकटेच बोलले. घरी येऊन म्हणाले, ‘महिनाभर द्या म्हटलं. थर पुन्हा धरेल, उन्हात लवकर धरतो. एकानंही मान हलवली नाही.’ आणि मग, माझ्याकडे न पाहता — ‘तू म्हणतेस तेच खरं. सोडून द्यावं. मीही दमलो आता.’

हेच ऐकायचं होतं मला इतके दिवस. ऐकलं, आणि मीच ताट सारून उठले.

३० मार्च

सोजराबाई टोपली घेऊन आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. ह्यांना न विचारता. तिनं टोपली उचलली, बाजाराला गेलीच नाही. आल्या पावली परत.

१ एप्रिल

सकाळी कमिटीची माणसं फळ्या काढायला आली, तर मोरीच्या तोंडात बाया बसलेल्या! पिंप्रीच्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या. रिकामे हंडे पुढ्यात ठेवून. मधोमध सोजराबाई.

भगवानराव आले. ‘उठा वं! काऊन बसल्या इथं?’

सोजराबाई जागची हलली नाही. ‘सोडा ना मालक. आमच्या आंगावरून सोडा. तसं बी प्याचंच हाय आमाले, इथंच पेतो.’

‘ओवरसेरनं शिकवलं का तुमाले?’

‘शिकवाले कायले लागते? माही सून तुमच्याच नालीनं नेली. आता नातू हाय माह्या घरी.’

भगवानराव काही बोलणार होते. तेवढ्यात एका लेकुरवाळीनं उठून त्यांच्या पायाशी रिकामा हंडा ठेवला. ‘घ्या, तुमीच भरून द्या. अन् एक घोट तुमी घ्या पह्यले.’

काय झालं कुणास ठाऊक, भगवानराव हंड्याकडे पाहत उभे राहिले. मग टांग्यात बसता बसता ह्यांना म्हणाले, ‘एक महिना. त्याच्यावर एक दिवस नाई, सांगून ठेवतो.’

बाया उठेनात. टांगा दिसेनासा झाला तेव्हा उठल्या. मी सगळ्यांना गूळपाणी दिलं. सगळ्या प्याल्या. माझ्या घरच्या भांड्यांतून.

२६ एप्रिल

पाणी पुन्हा नितळ. भगवानराव स्वतः येऊन पाहून गेले. ‘हं’ म्हणाले. त्यांच्या ‘हं’चा अर्थ हौद चालू राहणार, असं हे म्हणतात.

शैला दुपारी म्हणाली, ‘आई, आता मला वासच येत नाही.’ मी हसले. मग एकटी असताना भीती वाटली — पोर इथलीच होऊन गेली की काय!

१४ मे

गावात पटकी. जत्रेहून आलेल्या गाड्यांनी आणली म्हणतात. वेशीतल्या घरांत दोन, कोष्टीपुऱ्यात चार. विमलबाईंची सासू गेली. मला जाता आलं नाही, आणि गेले असते तरी दारात घेतलं असतं का?

आमचं पाणी दोनदा उकळते. डॉक्टर टोचायला बोलावत आहेत. शैला आणि मी टोचून आलो. ह्यांना वेळ नाही. ‘जातो उद्या.’

२२ मे

झाडूवाले गाव सोडून गेले. त्यांना तरी काय म्हणावं! नाल्यांत लोक रोग्यांच्या गोधड्या, कपडे, काय वाटेल ते फेकत आहेत. सगळं वाहत आमच्या जाळीवर. कडूबा एकटा किती पुरणार? काल जाळी तुंबली, पाणी चढत चढत जुन्या मोरीच्या फळ्यांपर्यंत आलं. आणखी वीतभर चढतं तर फळ्यांवरून नदीत.

हे धोतर खोचून खाली उतरले. छातीपर्यंत. कडूबा वरून ओरडतो आहे, ‘सायेब, तुमी नका! मी येतो!’ हे म्हणाले, ‘तू वर घे, मी देतो.’ हातांनी ओढून ओढून काढलं सगळं. ते लांब नेऊन खड्ड्यात पुरलं, वर चुना.

विहिरीवर साबण लावून लावून नहाले. मी पाणी ओतत होते. काय बोलायचं असतं अशा वेळी?

२८ मे

डॉक्टर सायकलवरून आले होते. मुद्दाम सांगायला. गावात अजून चालूच आहे, पण पिंप्रीत एक नाही. तिच्या खालच्या गावांतही नाही. ह्यांना म्हणाले, ‘नीळकंठराव, दर साथीत गावामागं पिंप्री जायची. या साली नाही.’

ह्यांनी दोनदा विचारलं, ‘एकही नाही?’ मग जेवायला बसले. भाकरी, ठेचा, कांदा. मागून घेतलं, पुन्हा मागून घेतलं. हात धुताना म्हणाले, ‘पाऊस लागला की बदली मागतो. बुलढाण्याला. तिथली हवा चांगली. शैलाचं तिथं पाहू.’

मी उगाच भांडी घासत राहिले. हसू लपवायला. बुलढाण्याला खिडक्या उघड्या ठेवीन. दिवसभर!

३० मे

अजून टोचून घेतलेलं नाही. आज फार दमलेले दिसतात. रागावले मी. उद्या नक्की जातो म्हणाले.

८ जून

हे गेले, त्याला आज आठवा दिवस.

पटकीचं माणूस म्हणून गावातले चौघंच आले. पिंप्रीहून सगळं गाव आलं.

सकाळी कडूबा कुंपणाबाहेर येऊन उभा राहिला. वर पाहत नव्हता. म्हणाला, ‘बाई, पानी चढून राह्यलं. फाटक किती उघडू?’

तेरा दिवस उंबरा ओलांडायचा नसतो. शैलाला म्हटलं, ‘माझ्या वहाणा दे.’